मदत हवी आहे : ट्रेलर जोडल्यावर इलेक्ट्रिक एसयूव्हीची रेंज किती धरावी?

नमस्कार. उस्मानाबादी शेळ्यांची ने-आण करण्यासाठी दोन चाकी ट्रेलर ओढू शकेल अशी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेण्याचा विचार आहे. भरलेल्या ट्रेलरचे वजन साधारण 800 किलो होईल. मार्ग धाराशिव ते बीड असा असून जाताना ट्रेलर रिकामा असेल, परतताना मात्र भरलेल्या ट्रेलरसह मांजरसुंब्याचा घाट चढावा लागेल, आणि उन्हाळ्यात तापमान 42 अंशांपर्यंत जात असल्याने एसीही चालूच राहील.

शोरूममध्ये विचारले असता रेंजचा प्रमाणित आकडाच पुन्हा सांगण्यात आला; तो तर ट्रेलरविना घेतलेला असतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत ओढण्याच्या क्षमतेचा उल्लेखच सापडला नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ताशी 60 किलोमीटरच्या आसपासच चालवण्याची तयारी आहे. परंतु शेळ्यांना हवा लागावी म्हणून ट्रेलरच्या चारही बाजूंना जाळी आहे आणि त्या जाळीत वारा किती अडकेल, याचा हिशेब जमत नाही. ट्रेलरची आरटीओ नोंदणी वेगळी करावी लागते, हे माहीत आहे. डिझेल पिकअपचा पर्याय कृपया सुचवू नये, कारण घरी सौरऊर्जेची सोय आहे.

ज्यांनी 60 ते 75 किलोवॉट-तास बॅटरीच्या गाडीला प्रत्यक्ष ट्रेलर जोडला आहे, त्यांना घाटात आणि सपाटीवर दर किलोमीटरला किती वीज लागली, आणि चार्जिंगच्या वेळी ट्रेलर सोडावा लागला का?