मदत हवी आहे : ‘चंद्रकांता’ मालिकेसाठी लहानपणी लिहिलेल्या आणि कधीच न वापरल्या गेलेल्या भागांचे काय करावे?

सप्रेम नमस्कार. दूरदर्शनवर १९९४ ते १९९६ या काळात रविवारी सकाळी लागणाऱ्या, देवकीनंदन खत्री यांच्या हिंदी कादंबरीवरच्या ‘चंद्रकांता’ मालिकेसाठी आम्ही तिघांनी लहानपणी अकरा भागांच्या कल्पना लिहून ठेवल्या होत्या. त्यांची वही गेल्या दिवाळीत गावाकडे, चुलतभावाच्या घरी, धान्याच्या कोठीमागे ठेवलेल्या पेटीत सापडली. गावच्या वाचनालयाने तिच्या दीडशे प्रती छापून शाळेतल्या मुलांना विनामूल्य वाटायचे मनावर घेतले आहे. काम आनंदाचे आहे, परंतु आमच्यात एका गोष्टीवरून मतभेद झाला आहे आणि काही गोष्टी आम्हाला मुळातच ठाऊक नाहीत, म्हणून जाणकारांपुढे सारे सविस्तर मांडते.

आमचे गाव सास्तूरच्या पंचक्रोशीतले. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा आदल्या रात्री गणपती बोळवून माणसे नुकतीच निजली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी आमच्याकडची घरे होती. ती झोपेतल्या माणसांवर आली. पुढची दोन-अडीच वर्षे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढली आणि ‘चंद्रकांता’ पाहिली ती त्याच वस्तीत, एका घरच्या कृष्णधवल टीव्हीवर, जो वीज गेली की ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालत असे. मी तेव्हा सातवीत होते, मैत्रीण माझ्याच वर्गात आणि चुलतभाऊ एक वर्ष मागे. मालिका संपली की पुढच्या रविवारी काय व्हायला हवे यावरून आमची दुपारभर भांडणे चालत, आणि त्या भांडणांतूनच ही वही तयार झाली. कल्पना टपालाने निर्मात्यांकडे पाठवायचे ठरले होते. पण पत्ता कोणाकडे मिळेना आणि त्या खटपटीत असतानाच मालिका संपली. त्यासाठी आणलेले पाकीट अजून कोरेच वहीत आहे.

वही मूळची गणिताची, दोनशे पानी. पुढून त्रैराशिके आणि मागून उलटी धरली की चंद्रकांता. प्रत्येक कल्पनेच्या डोक्यावर ‘भाग’ असे लिहून क्रमांक घातला आहे आणि सुरुवात ‘मागील भागात आपण पाहिले’ या वाक्याने केली आहे. हिंदी संवाद आम्हाला जसे ऐकू आले तसे मराठी वळणाने लिहिले आहेत, आणि जिथे हिंदी संपली तिथे सरळ घरची बोली आली आहे. राजकुमारी चंद्रकांतेची सखी चपला राजकुमार वीरेंद्रसिंहाचा ऐयार, म्हणजे वेश पालटण्यात तरबेज हेर, तेजसिंह याला विचारते, ‘काय करलालाव इथं?’ आणि खलनायक क्रूरसिंह भर दरबारात म्हणतो, ‘मपलं राज्य मला द्या.’ ही भाषा प्रमाण मराठीत आणावी असे वाचनालयाच्या एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे होते. तसे करू नये याबद्दल मात्र माझ्या किंवा चुलतभावाच्या मनात शंका नाही.

यातली सर्वांत चांगली कल्पना तिसऱ्या भागाची आहे, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगते. भूकंपाच्या आदल्या वर्षी शाळेची सहल नळदुर्गला गेली होती. तिथे बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, इ. स. १६१३ मध्ये बांधलेला बंधारा आहे आणि त्याच्या पोटातच पाणीमहाल आहे. नदी भरून आली की बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळतात. महालाच्या खिडकीशी उभे राहिले तर पाण्याचा पडदा डोळ्यांसमोर पडत असतो आणि आतला माणूस मात्र कोरडा राहतो. आमच्या कल्पनेत क्रूरसिंहाने चपलाला या महालात कोंडले आहे. हा महाल म्हणजे तिलिस्म, युक्तीनेच उघडणारी मायावी जागा; त्याचे दार ‘नर आणि मादी एका सुरात बोलतील’ तेव्हाच उघडणार, आणि पाऊस तर तोंड दाखवत नाही. मग तेजसिंह कोळ्याचा वेश घेऊन नदीच्या वरच्या अंगाला जातो, गावोगावच्या लोकांना विनवून त्यांनी अडवलेले पाणी एका ठरलेल्या घटकेला सोडायला लावतो, आणि दोन्ही धारा एकदम सुरू होतात. ऐयाराने बटव्यातली जादू न वापरता शेतकऱ्यांकडून पाणी मागून तिलिस्म फोडावा, हे दुष्काळी भागातल्या मुलांनाच सुचावे असे मला आज वाटते. देवकीनंदन खत्री यांनी चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका घेतला होता, तिथले पडक्या गढ्या-किल्ल्यांचे अवशेष पाहून त्यांना तिलिस्माचे वेड लागले आणि १८८८ मध्ये ‘चंद्रकांता’ कादंबरी प्रसिद्ध झाली, हे मी पुष्कळ उशिरा वाचले. ते वाचताना मला आमची नळदुर्गची सहल आठवली.

पाचवा भाग देवगिरी किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत घडतो. अंधारी तेव्हा आम्ही कोणीच पाहिली नव्हती. गुरुजींनी वर्गात केलेल्या वर्णनावरच सगळी उभारणी आहे आणि त्यामुळे तो भाग तितकासा जमलेला नाही. सात, नऊ आणि दहा यांत फक्त वेशांतरे आहेत.

आता पहिली अडचण सांगते. पाऊस आला की पत्र्यावर इतका आवाज होई की टीव्हीवरचा एक शब्द ऐकू येत नसे. अशा वेळी आम्ही ओठांच्या हालचालींवरून संवाद जुळवत असू. त्यामुळे वहीतले काही प्रसंग आम्ही रचलेले आहेत की मालिकेत प्रत्यक्ष घडलेले आणि आम्ही पावसात अर्धवट पाहिलेले, हे आता मला छातीठोकपणे सांगता येत नाही. विशेषतः सहाव्या भागात एक ऐयार आरशासमोर उभा राहतो आणि आरशातले रूप त्याच्याआधी हलते, त्यावरून तो तोतया आहे हे ओळखले जाते. असा प्रसंग मालिकेत कोणी पाहिल्याचे आठवते का? आठवत असेल तर तो आम्ही ‘न वापरलेली कल्पना’ म्हणून छापणे अप्रामाणिकपणाचे होईल.

दुसरी अडचण कायद्याची आहे. खत्री १९१३ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या कादंबरीवरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला आहे. चंद्रकांता, वीरेंद्रसिंह, तेजसिंह, चपला, क्रूरसिंह आणि शिवदत्त ही सारी मंडळी मूळ कादंबरीतली असल्यामुळे त्यांच्यावर कोणीही लिहावे, इतके मला समजते. परंतु नीरजा गुलेरी यांच्या मालिकेने कादंबरीत पुष्कळ नवे घातले आणि आम्ही तर मालिका पाहूनच लिहीत होतो. अखिलेंद्र मिश्र यांनी रंगवलेल्या क्रूरसिंहाचे ‘यक्कू’ आमच्या वहीत जवळजवळ पानोपानी आहे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे प्रसारित झालेल्या मालिकेचा हक्क साठ वर्षे टिकतो, आणि प्रती विनामूल्य वाटल्या तरी ते प्रकाशनच ठरते. दुसऱ्या बाजूला, आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या खटल्यात नुसत्या कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, तो कल्पनेच्या मांडणीवर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. या दोहोंच्या मध्ये आमची वही नेमकी कुठे बसते, हे कोणी वकील सांगू शकतील का?

आणि आता ज्यासाठी हा धागा मुख्यतः काढला ती गोष्ट. आठवा भाग संपूर्णपणे माझ्या मैत्रिणीच्या अक्षरात आहे. ती चार वर्षांपूर्वी आजाराने गेली. भूकंपात तिचा धाकटा भाऊ दगावला होता, पण त्याविषयी ती आमच्याशी कधी एक शब्द बोलली नाही. आठव्या भागात तिलिस्माचा दारोगा चंद्रकांतेला सांगतो की आज रात्री विजयगडचा राजवाडा पडणार आहे. दरबारात तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. तेव्हा ती युक्ती करते, वाड्यात साप निघाल्याची हूल उठवते आणि सर्वांना अंथरुणे घेऊन बाहेर मैदानात निजायला लावते. राजवाडा पडतो, माणसे वाचतात. त्यापुढे तिने लिहिले आहे : ‘आता राजवाडा पत्र्याचा बांधावा, म्हणजे पडला तरी कोणी दबणार नाही. तेजसिंह विचारतो की’ आणि तिथे लेखन थांबते. पान फाटलेले नाही, वाळवीने खाल्लेले नाही. खाली अर्धे पान कोरे आहे आणि पुढच्या पानावर माझ्या अक्षरातला नववा भाग सुरू होतो.

चुलतभावाचे म्हणणे असे की मुलांच्या हातात अर्धी गोष्ट देऊ नये. तेजसिंहाने काय विचारले ते आपण दोघांनी मिळून लिहावे, कारण आपण तिघेही सगळे भाग एकत्र बसूनच रचत होतो आणि ती असती तर तिनेही तेच सांगितले असते. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. खत्रींची ‘भूतनाथ’ त्यांच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली, ती त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली आणि वाचकांनी ती आपली मानली. माझ्या मुलाने मला आणखी एक उदाहरण दाखवले. ‘डॉक्टर हू’ या इंग्लंडमध्ये १९६३ पासून सुरू झालेल्या मालिकेसाठी डग्लस ॲडम्स यांनी लिहिलेली ‘शादा’ ही सहा भागांची कथा १९७९ मध्ये कामगारांच्या संपामुळे चित्रीकरण अर्ध्यावर थांबून तशीच राहिली. १९९२ मध्ये ती चित्रफितीवर आणली, तेव्हा न चित्रित झालेल्या जागा तशाच ठेवून नायकाचे काम करणारे टॉम बेकर यांनी मधले कथानक तोंडी सांगितले. पुढे २०१७ मध्ये त्याच जागा रेखाचित्रांच्या चलतपटाने भरल्या. एकच अपुरी कथा, पण एकदा तिच्यातली पोकळी उघडी ठेवली आणि एकदा बुजवली.

मला पहिला मार्ग योग्य वाटतो, आणि तोही अर्धाच. ‘शादा’चे उरलेले संवाद लिहून तयार होते, आमच्याकडे तेजसिंहाचा प्रश्नच नाही. मैत्रीण लिहिता लिहिता थांबली. तिला कोणी हाक मारली असेल, शाई संपली असेल किंवा पुढे लिहवले नसेल. काय झाले ते मला माहीत नाही आणि म्हणूनच तिथे माझे वाक्य घालण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. ज्यांनी कोणाचे अपुरे लेखन संपादित केले आहे त्यांनी कृपया आपला अनुभव लिहावा. तिची मुलगी अठरा वर्षांची असून पुण्यात शिकते. तिला विचारायला हवे हे मला कळते, परंतु हे पान तिच्यापुढे कसे ठेवावे हे सुचत नाही.

शेवटी एक छोटी विनंती. वहीच्या अखेरची, अकराव्या भागाची पाने गळक्या शेडमध्ये भिजून एकमेकांना चिकटली आहेत. ती सोडवण्याचा काही घरगुती उपाय आहे का?

भर, बारा दिवसांनंतर

उत्तर देणाऱ्या सर्वांची मी मनापासून आभारी आहे. आरशाचा प्रसंग मालिकेत पाहिल्याचे कोणालाच आठवत नाही, परंतु तेवढ्यावर खात्री धरता येत नाही. त्यामुळे सहाव्या भागाखाली ‘हा प्रसंग मालिकेत येऊन गेला असल्यास कळवावे’ अशी तळटीप घालणार आहोत. ‘यक्कू’सारख्या एकट्या शब्दावर स्वामित्वहक्क सहसा लागत नाही, असे एका वकील सदस्यांनी समजावून दिले. तरी मालिकेचा आणि कादंबरीचा ऋणनिर्देश पहिल्याच पानावर ठळक करावा, आणि मालिकेनेच निर्माण केलेली पात्रे ज्या दोन भागांत आहेत ते भाग परवानगी मिळेपर्यंत छापू नयेत, हा त्यांचा सल्ला आम्ही मानला आहे. संयुक्त लेखनात तिघांचाही हक्क असतो आणि मैत्रिणीच्या वाट्याचा तिच्या वारसांकडे जातो, हेही त्यांच्यामुळेच स्पष्ट झाले.

मी मुलीला पानाचे छायाचित्र न पाठवता वहीच घेऊन पुण्याला गेले. तिने आठवा भाग दोनदा वाचला. मामाविषयी तिला आजीकडून कळले होते, आईकडून नाही. ‘काही जोडू नका, पण खालचे कोरे अर्धे पानही छापा,’ असे ती म्हणाली. चुलतभावाला मी फोनवर हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग त्याने होकार दिला. आता छापखान्यात तेवढी जागा रिकामी सोडायला सांगायचे आहे. जागा वाचवण्यासाठी अक्षरजुळणी करणारे नववा भाग वर सरकवतात, म्हणून मुद्रितशोधनाच्या वेळी मी स्वतः बसणार आहे.

चिकटलेल्या पानांना वाफ द्यावी असे दोघांनी सुचवले होते, पण ते करता येणार नाही, कारण लेखन शाईच्या पेनाने केलेले आहे आणि ओल लागली की ती शाई पसरते. एका कोपऱ्यावर तसे झालेले दिसतेच आहे. ओढून पाहण्याचाही मोह मी आवरला आहे. अशी पाने कोरडी ठेवून सोडवणारे कोणी कागदसंवर्धनाचे जाणकार लातूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याकडे असतील तर कृपया कळवावे. पाने नऊ आहेत, आणि सर्वांत वरच्या पानावर आरपार दिसणारे ‘वीरेंद्रसिंह नदी ओलांडतो’ एवढेच शब्द वाचता येतात. वही सध्या माझ्याजवळ लातूरला आहे आणि ती घेऊन कुठेही यायची माझी तयारी आहे.