वेश्याव्यवसायात गिऱ्हाइकालाच गुन्हेगार ठरवलं तर बायकांची तस्करी थांबेल?

प्रश्न (ठाणे): स्पावर धाड पडली की मुलींची 'सुटका', मालकावर 'पिटा' (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा), गिऱ्हाईक घरी. स्वीडनसारखा कायदा इथे चालेल?

उत्तर १: स्वीडनने 1999 मध्ये शरीरसुखाची खरेदी गुन्हा ठरवली. 2010 चा सरकारी अहवाल म्हणतो, रस्त्यावरचा धंदा निम्म्यावर आला. रस्त्यावरचा, बरं का! फोनवर ठरणारा कोण मोजणार? तस्करीचे आकडे तर पोलीस किती शोधतात त्यावर हलतात.

उत्तर २ (वाशी): गिऱ्हाईक अगदीच मोकळं नाही. देऊळ, शाळा अशा ठिकाणांपासून 200 मीटरच्या आत 'पिटा' कलम 7 त्यालाही लागतं, तीन महिन्यांपर्यंत कैद. भारतीय न्याय संहितेचं कलम 144 जास्त जड आहे, पण बाई तस्करीतून आणलेली हे त्याला माहीत होतं, किंवा तसं मानायला कारण होतं, हे दाखवावं लागतं. पोलिसांनी पाठवलेलं बोगस गिऱ्हाईक, नंबर टिपलेल्या नोटा, पंच हा सगळा सापळा दलालासाठी. त्यातून हे सिद्ध होत नाही. शिवाय झडतीला दोन महिला पोलीस किंवा स्त्री पंच नसली की बचावाचा वकील तेच धरून बसतो.

उत्तर ३: घाबरलेलं गिऱ्हाईक सौदा घाईत उरकतं, बाईला माणूस पारखायला वेळच उरत नाही. फ्रान्सने 2016 मध्ये गिऱ्हाइकाच्या दंडासोबत धंद्यातून बाहेर पडणाऱ्यांना भत्ता, तात्पुरता निवासपरवानाही ठेवला. आपल्याकडे त्यातला नुसता दंडच उचलतील, अशी भीती.