रोझेट डेकवर आल्यावर पाणी कोणत्या क्रमाने काढायचं? (अरबी समुद्र, पहिली क्रूझ)

दर्यावाट:
पुढच्या महिन्यात मुरगावहून क्रूझ निघते आहे. रोझेटला (केबलवर पाण्यात सोडायची बाटल्यांची गोल चौकट) दहा लिटरच्या २४ निस्किन बाटल्या (हव्या त्या खोलीवर मिटवता येणाऱ्या), बहुतेक स्टेशनं २,००० मीटरपेक्षा खोल. माझ्याकडे विंकलर ऑक्सिजन (पाण्यात विरघळलेला, टायट्रेशनने मोजायचा), पोषकद्रव्यं आणि सॅलिनिटी. दुसरा गट डीआयसी (विरघळलेला असेंद्रिय कार्बन) आणि क्लोरोफिल घेणार. प्रोटोकॉल वाचलाय. त्यात धड न सापडलेलं विचारतो: आधी नंबर कुणाचा, गळकी बाटली ओळखायची कशी, आणि साधारण १५० ते १,००० मीटरच्या ऑक्सिजन-न्यूनतम पट्ट्यात (जिथे ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो) विंकलरचे आकडे कितपत खरे धरायचे?

डेकवॉच:
हवा लागून जे आधी बिघडतं ते आधी. सीएफसी (क्लोरोफ्लोरोकार्बन वायू) वगैरे घेणारं कुणी नसेल तर पहिला नंबर तुमच्या ऑक्सिजनचा, मग डीआयसी, पोषकद्रव्यं, सॅलिनिटी. क्लोरोफिलला लिटर-दोन लिटर पाणी लागतं, म्हणून ते शेवटी. पण शेवटी म्हणजे तासाभराने नव्हे. तोवर जड कण तोटीच्या खाली जाऊन बसतात.

गळतीची चाचणी व्हेंट (बाटलीच्या वरचा हवेचा स्क्रू) उघडण्याआधीच करायची. वरचा व्हेंट घट्ट बंद ठेवून खालची तोटी उघडा. चार थेंब येऊन थांबले तर बाटली ठीक. धार लागली तर वरून हवा आत शिरतेय. ओ-रिंगवर कचरा बसलेला असतो, नाहीतर झाकणात दोरी अडकलेली असते. लॉगशीटवर तिथल्या तिथे नोंद करा. व्हेंट एकदा सैल झाला की चाचणीही गेली आणि आतल्या पाण्याला हवाही लागली.

ऑक्सिजन काढताना सिलिकॉनची नळी तोटीला लावा, आतले बुडबुडे चिमटीने दाबून हाकला, नळीचं टोक नमुन्याच्या बाटलीच्या तळाला टेकवा. १२५ मिलीच्या बाटलीत भरल्यानंतर तिच्या तिप्पट पाणी वाहून जाऊ द्या आणि वाहतं असतानाच नळी हळूहळू बाहेर काढा. पाण्याचं तापमान त्याच वेळी लिहा. मग मँगनीज क्लोराइड १ मिली, अल्कधर्मी आयोडाइड १ मिली, दोन्ही डिस्पेन्सरचं टोक पाण्याखाली बुडवून. बूच तिरकं धरून बसवा. आत मुगाएवढा जरी बुडबुडा दिसला तरी ती बाटली ओतून नवीन भरा. जोरात हलवा, अर्ध्या तासाने साका निम्मा खाली बसला की पुन्हा हलवा, बुचाभोवती पाण्याचं सील ठेवा. आम्ल टायट्रेशनच्या अगदी आधी.

एकाच निस्किनमधून काढलेले दोन जोड-नमुने जुळत नसतील तर टायट्रेटरला दोष देण्याआधी नळी बघा. बहुतेक वेळा बुडबुडा तिथेच दडलेला असतो.

खारट:
वरच्यात भर. एकाने फक्त लॉगशीट धरायची आणि प्रत्येक बाटलीपाशी क्रमांक मोठ्याने वाचायचा. रात्री तीनला पाच जण रोझेटभोवती घोळका करून उभे असतात, तेव्हा ७ आणि ८ ची अदलाबदल सहज होते.

पोषकद्रव्यांसाठी १०% हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेली ६० मिलीची प्लास्टिकची बाटली. काच नको, सिलिकेट वाढतं. बाटली आणि झाकण नमुन्याच्याच पाण्याने तीनदा विसळून पाऊण भरा, कारण गोठताना पाणी फुगतं. काठोकाठ भरलेली बाटली झाकणातून खारं पाणी बाहेर टाकते आणि उरलेल्या नमुन्याचे आकडे बदलतात. उणे २० ला उभ्या ठेवा. खोल पाण्यातलं सिलिकेट गोठल्यावर पॉलिमर होतं, म्हणून वितळवल्यावर मोजण्याआधी एक दिवस थांबा. हातमोजे बिनपावडरचे नायट्राइल.

सॅलिनिटीची बाटली मात्र काचेची. तीनदा विसळा, खांद्यापर्यंत भरा, तोंड कोरडं पुसा. तिथे वाळलेला मिठाचा कण आत पडला की सॅलिनिटी फुकट वाढते.

बाटली भलत्याच खोलीवर मिटली का, हे तापमानावरून लगेच कळतं. २,००० मीटरचं पाणी मुळात ३ अंशांच्या आसपास. वर येईतो ते तापतं, पण शेजारच्या बाटल्यांच्या ओळीत बसायलाच हवं. सॅलिनिटीने खात्री होते: तिथे ३४.८ च्या आसपास अपेक्षित असते.

विंकलरवाले:
पट्ट्याबद्दल. मधल्या भागात विंकलरचा आकडा 'जास्तीत जास्त इतका' एवढाच धरा. रिएजंटमध्येच ऑक्सिजन असतो: दोन्ही मिळून ०.०७६ मायक्रोमोल, म्हणजे १२५ मिलीच्या बाटलीत लिटरला सुमारे ०.६ मायक्रोमोल. तो वजा केला तरी निस्किनच्या प्लास्टिकमधून आणि नळीतून येणारा उरतोच.

त्यात अरबी समुद्रात या पट्ट्याच्या वरच्या भागात नायट्राइट असतं, लिटरला काही मायक्रोमोल. आम्ल टाकल्यावर ते आयोडाइडचं आयोडीन करतं आणि नसलेला ऑक्सिजन दिसतो. उपाय म्हणजे अल्कधर्मी आयोडाइडमध्ये सोडियम अझाइड. आम्ल टाकताना विषारी वायू निघतो, तेव्हा फ्यूम हूड हवाच. उरलेलं द्रावण तांब्या-शिशाच्या पाइपाच्या सिंकमध्ये ओतू नका, स्फोटक क्षार साचतात.

खरोखर शून्य आहे का, हेच सिद्ध करायचं असेल तर विंकलर पुरत नाही. नॅनोमोलपर्यंत जाणारा स्टॉक्स सेन्सर लागतो.

दर्यावाट:
अझाइड यादीत नव्हतं, आजच मागवतो. बाटली मिटवण्याआधी किती थांबायचं?

डेकवॉच:
वर येताना प्रत्येक खोलीवर थांबून निदान ३० सेकंद, समुद्र शांत असेल तर मिनिटभर. रोझेट खालचं पाणी सोबत ओढत आणतं, ते निघून जायला वेळ लागतो. जहाज हलत असलं तर धुणं आपोआप होतं. आणि बोट लागण्याची गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्या. प्रोमेथाझिनने झोप येते, म्हणून विंचजवळची पहिली पाळी दुसऱ्या कुणाला द्या.