रीफर (माल थंड ठेवणारा) ट्रक: सेन्सर मध्येच गायब, अलार्म मात्र सारखे

गोदामवाला: लसी आणि इंजेक्शनं, २ ते ८ अंश सेल्सिअस. मालात सहा ब्लूटूथ सेन्सर, त्यांची रीडिंग गोळा करून सर्व्हरला पाठवणारा गेटवे ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, दर मिनिटाला रीडिंग. गाडी भरली की निम्मे सेन्सर दिसत नाहीत. शिवाय दर काही तासांनी १०-११ अंशांचा अलार्म येतो, पण उतरवताना माल व्यवस्थित थंड असतो. सेन्सर बदलू का?

सिग्नलशोध्या: सेन्सर राहू द्या, गेटवे हलवा. केबिन आणि बॉडीच्या मध्ये पत्रा आहे. जो थोडाफार सिग्नल झिरपत होता तो भरलेल्या गाडीत पेट्यांमधलं पाणी खातं, २.४ गिगाहर्ट्झला पाणी वैरीच. गेटवे आत छताला, मधोमध लावा आणि फक्त जीएसएम-जीपीएसचा अँटेना बाहेर काढा. केबलचं भोक सीलंटने नीट बंद करा, नाहीतर पॅनेलच्या फोममध्ये ओल शिरते.

शून्याखाली: अलार्म ठरावीक अंतराने येत असेल तर तो डिफ्रॉस्ट. कूलिंग युनिटच्या लॉगमधल्या डिफ्रॉस्टच्या वेळा अलार्मशेजारी ठेवून बघा. डिफ्रॉस्टमध्ये कॉइलवरचा बर्फ वितळवताना ब्लोअरजवळची (थंड हवा फेकणाऱ्या पंख्याजवळची) हवा तापते, माल तापत नाही. तिथल्या सेन्सरचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) ग्लायकॉलच्या, म्हणजे न गोठणाऱ्या द्रवाच्या, छोट्या बाटलीत बुडवा, म्हणजे तो मालासारखा सावकाश हलेल. दाराजवळचा मात्र उघडाच ठेवा, दार किती वेळ उघडं होतं ते त्यावरच कळतं.

अलार्म नको म्हणून तो वाजण्याआधीचा डिले नुसता वाढवत नेऊ नका. आणि खालची मर्यादा सैल करू नका: ॲल्युमिनियम क्षार असलेली लस एकदा गोठली की वाया गेली, आणि ती बहुधा ब्लोअरच्या तोंडाशीच गोठते.

गोदामवाला: वेळा जुळल्या, डिफ्रॉस्टच आहे. पण सेन्सरच चुकत नाहीत हे कसं तपासायचं?

शून्याखाली: थर्मासमध्ये बारीक बर्फ, फटी भरतील इतकंच पाणी. ढवळा, प्रोब भिंतीला न टेकवता मधोमध धरा, आकडा स्थिरावू द्या. शून्यापासून अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला तर तो सेन्सर कॅलिब्रेशनला पाठवा. पाणी जास्त झालं की तळाशी ४ अंशांपर्यंत दिसतं आणि चांगला सेन्सर उगाच बदनाम होतो.

सिग्नलशोध्या: एक राहिलं. रेंज नसताना साठलेली रीडिंग नंतर एकदम येतात. सर्व्हरने त्यांच्यावर पोचल्याची वेळ टाकली तर आलेख खोटा; सेन्सरचीच वेळ घ्या. रीडिंग पाठवणारा एमक्यूटीटी प्रोटोकॉल क्यूओएस १ वर (संदेश किमान एकदा पोचेलच अशा सेटिंगवर) असेल तर तेच रीडिंग दोनदा येऊ शकतं, सेन्सर आयडी आणि वेळ जुळवून एक काढा. बॅटरी वाचवायला दर मिनिटाऐवजी दर पाच मिनिटांनी रीडिंग पुरे. सेन्सरमधला नाणेसेल (नाण्याच्या आकाराची बॅटरी) थंडीत व्होल्टेज टाकतो, बाहेर टेबलावर मोजलात तर ठणठणीत दिसेल.