परदेशवारीचं वय

परदेश सहल म्हणजे अजूनही निवृत्त मंडळींचंच काम, असं काहीजण म्हणतात. आमच्या नाशकात तरी ते चित्र पालटलंय. 1991 च्या आधी परकीय चलनच मोजूनमापून मिळायचं, त्यामुळे हौसेने जाणारे मोजकेच. माझे सासरे 2005 साली युरोपला गेले, तेही प्रॉव्हिडंट फंड हातात पडल्यावर. अख्ख्या ग्रुपमध्ये साठीच्या आतला एकटा टूर मॅनेजर! बॅगेत कोंडाजीचा चिवडा, गुडघ्याचे पट्टे आणि गोळ्यांचा डबा.

आता भाचा बघा. वय 26, अंबडच्या कंपनीत नोकरी, दिवाळीच्या सुट्टीत मित्रांबरोबर थायलंड करून आला. नोव्हेंबर 2023 पासून तिथे आपल्याला फिरायला आधी व्हिसा काढावा लागत नव्हता, तिकीट मोबाइलवर, हप्तेही मोबाइलवर. ते हप्ते फिटायच्या आत पुढची सहल ठरते, हे मात्र मला झेपत नाही.

म्हणून म्हातारे घरी बसलेत असं नाही हं. सासूबाई 71 व्या वर्षी दुबईला निघाल्यात. विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेव म्हणाल्या, आणि सीट खिडकीचीच हवी.