पाळकाने आपल्याच मंडळीत जिवलग मित्र करावेत का?

प्रश्न (खानापूर तालुका)
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) मराठी आणि कन्नड अशी दोन्ही भाषांची कुटुंबे आहेत. मी पाळक (चर्चचा धर्मसेवक) म्हणून आल्यापासून दोन मराठी कुटुंबांशी माझा घरोबा जमला आहे. आता कमिटीची निवड जवळ आल्यावर, सारे निर्णय त्यांच्याच घरी होतात, अशी कुजबुज कन्नड बांधवांत सुरू झाली आहे. तसे घडलेले नाही. तरीही अशी मैत्री ठेवावी की नाही, याविषयी मन फार अस्वस्थ आहे.

निपाणीहून
पाळकसाहेब, अवश्य ठेवावी. बारा शिष्यांना निवडण्यापूर्वी प्रभू येशूने रात्रभर प्रार्थना केली (लूक ६:१२-१३), आणि त्यांतूनही पेत्र, याकोब व योहान यांनाच याईराच्या घरात, रूपांतराच्या डोंगरावर आणि गेथशेमानेत अधिक जवळ नेले. परंतु त्याच याकोब व योहान यांनी उजवीकडची आणि डावीकडची आसने मागितली, तेव्हा ती त्यांना मिळाली नाहीत (मार्क १०:३५-४०). जवळीक होती, पण तिच्यापोटी पद नव्हते. तुमच्या मित्रांची नावे कमिटीसाठी पुढे आली, तर त्या चर्चेतून आपण उघडपणे बाजूला राहावे.

बेळगावहून
मला काळजी वाटते ती वेगळीच. हे मित्र आपल्याला कधी विरोध करतात का? शलमोन राजाचा मुलगा रहबाम याने गादीवर येताच वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकून आपल्याबरोबर वाढलेल्या तरुणांचे ऐकले आणि राज्य दुभंगले (१ राजे १२). दावीद राजाचा मुलगा अम्नोन याचा मित्र योनादाब मोठा चतुर होता. त्याने मित्राला हवी तीच युक्ती सांगितली आणि अम्नोनाची सावत्र बहीण तामार हिचे आयुष्य उद्ध्वस्त झाले (२ शमुवेल १३). याउलट नाथान संदेष्ट्याने दावीदाला त्याचे पाप तोंडावर सांगितले, आणि तरीही शलमोन गादीवर येईपर्यंत तो दरबारात होताच. आपल्या घरोब्यात असा नाथान नसेल, तर कुजबुज थांबली तरी धोका टळत नाही.

चिकोडीहून
मी पाळकाची पत्नी आहे, म्हणून घरातले सांगते. मन मोकळे करण्यासाठी शेजारच्या मंडळीतील वयाने वडील सेवक शोधावा, कारण मंडळीतल्या कुणाचे दुःख मित्राच्या पंगतीत निघाले की विश्वास कायमचा जातो. कन्नड घरांतही जेवायला बसावे, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये का होईना, तेथे प्रार्थना करावी. कदाचित वरच्या बंधूंनी म्हटलेला नाथान तेथेच भेटेल. मात्र त्या दोन कुटुंबांकडे जाणे एकाएकी बंद करू नये. कुजबुजीची शिक्षा त्यांनी का भोगावी?