ब्लाइंड आय आणि बी विंगमागचा रस्ता

सेक्रेटरी: सर्व सभासदांना कळविण्यात येते की बी विंगमागे फायर ब्रिगेडच्या रस्त्यावर लावलेल्या गाड्यांकडे कमिटी यापुढे 'टर्न अ ब्लाइंड आय' करणार नाही.

ए-१०१ आजी: ब्लाइंड आय म्हणजे मोतीबिंदूचं शिबिर आहे का? असेल तर माझं नाव घाला.

रोहन: आजी, नाही हो 😄 म्हणजे बघून न बघितल्यासारखं करणं.

सी-६०१ काका: आजी, मी सांगतो. तीस वर्षं जहाजावर काढली, एवढा तर हक्क आहे. इंग्रजांचा आरमारी सेनानी नेल्सन. १७९४ साली कॉर्सिकात काल्वीच्या वेढ्यात तोफगोळ्याने उडालेली वाळू-खडी त्याच्या उजव्या डोळ्यात गेली, नजर गेली. पुढे २ एप्रिल १८०१, कोपनहेगनची लढाई. समोर डॅनिश जहाजं ओळीने नांगरलेली. नेल्सनची तीन जहाजं उथळ पाण्यात रुतून बसलेली. मोठा साहेब हाइड पार्कर लांबवर, त्याला नुसता धूर दिसतोय. त्याने ३९ नंबरचा सिग्नल चढवला: लढाई थांबवा.

रोहन: मग?

सी-६०१ काका: नेल्सनने दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली आणि कॅप्टन फोलीला म्हणाला, मला एकच डोळा आहे, कधीमधी आंधळं व्हायचा हक्क आहे मला. खरंच सिग्नल दिसत नाही! जहाजाचं नाव काय, तर एलिफंट. लढत राहिला, तह झाला, पार्करला माघारी बोलावलं आणि त्याच्या जागी ताफ्याचा प्रमुख नेल्सन.

बी-४०३ वहिनी: आणि ज्यांना सिग्नल दिसला त्यांचं?

सी-६०१ काका: रिऊ नावाचा कॅप्टन. छोट्या जहाजांची तुकडी घेऊन हुकमाप्रमाणे वळला आणि वळता वळता गोळ्याने गेला.

बी-४०३ वहिनी: म्हणजे नियम पाळणारा मेला आणि मोडणाऱ्याचा पुतळा झाला. सेक्रेटरी, नोटिशीला भलताच दाखला निवडलात.

सेक्रेटरी: मी दाखला दिला नव्हता. 🙏

रोहन: काका, पण डोळ्यावर काळी पट्टी होती ना?

सी-६०१ काका: नव्हती. तो डोळा वरून धडधाकट दिसायचा.

ए-५०२ बाई: काका, गोष्ट फर्मास, पण सगळी जशीच्या तशी खरी मानू नका. दुर्बिणीचा किस्सा छापून आला तो नेल्सन गेल्यावर. सिग्नल मानला नाही हे खरं, डोळ्याचं नाटक नंतर रंगलेलं असू शकतं. आणि हा वाक्प्रचार इंग्रजीत त्याच्या आधीपासून आहे. किस्सा वाक्प्रचाराला चिकटला, जन्म नाही दिला.

सी-६०१ काका: बाई, आमच्या जहाजावर हे कोणी सांगितलं नव्हतं. 😔

ए-५०२ बाई: पण मजा पुढे आहे. आपण 'कानाडोळा' लिहितो ना? त्यात कान नाहीच. मूळ काणाडोळा. काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. कोपनहेगन नको न् काही नको, आपल्याकडेही हे काम आंधळ्याकडे नाही, काण्याकडेच दिलंय. दोन्ही डोळे गेलेला माणूस दुर्लक्ष कसं करणार? एका डोळ्याने नीट दिसावं लागतं.

ए-१०१ आजी: आमच्या सासूबाई काणाडोळाच म्हणायच्या. मला वाटायचं त्यांचे उच्चार जुने.

रोहन: बाई, मग डोळेझाक?

ए-५०२ बाई: तीत निदान डोळे मिटायचे कष्ट आहेत.

सेक्रेटरी: सुधारित नोटीस: कमिटी काणाडोळा करणार नाही. आता तरी पार्किंगवर बोला.

बी-४०३ वहिनी: ण बाणाचाच ना?

सेक्रेटरी: हो.

वॉचमन काका: साहेब टँकर आलाय. मागच्या रस्त्याला ४४१२ ग्रे गाडी आडवी आहे. कोणाची?

सेक्रेटरी: ४४१२ कोणाची?

सेक्रेटरी: ??

ए-१०१ आजी: माझ्या मुलाची. झोपलाय तो. उठवते.